केसाएवढं बारीक

पहिले दोन दिवस मी कुणाला काही चिरू देत नाही.
ओलं फडकं पिळा, पाटाखाली अंथरा,
पाट सरकला की बोट गेलं.
आणि सुरी निसटली तर झेलायची नाही.
हात वर, पाय मागे, पडू दे.
धार पुन्हा लावता येते.
(इथे मी डाव्या हाताची तर्जनी दाखवते, शेंड्याविना.
कोवळी पोरं त्या दिवशी नीट जेवत नाहीत.)

गिमाराइशच्या या शाळेत यंदा
अकरा पोरं आली आणि एक अदेरितू.
वय सत्तेचाळीस. फेलगेइराशला
बुटांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं चामडं कापलं,
मग कारखान्याला कुलूप,
मग रोजगार कचेरीतली रांग,
मग मी.
एप्रनची गाठ त्याला तीनदा मारावी लागली.

कांद्याचं मूळ कापू नका, सांगितलं.
मूळ आहे तोवर पाकळ्या एकत्र नांदतात,
आधी उभे चिर, मग आडवे, मूळ अगदी शेवटी.
रडू आलं तर सुरी बोथट आहे,
कांद्याला बोल लावू नका.
बोटं आत वळवा, नखं लपवा,
पातं पेरांना घासत खाली यावं
मांजर पायाला घासतं तसं.

सगळे शिकले. अदेरितू सोडून.
तो सुरी स्वतःकडे ओढतो.
पुढे, म्हटलं, पुढे ढकल!
चार घाव पुढे, पाचवा पुन्हा पोटाकडे.
सव्वीस वर्षं मनगटात राहतात,
भाडंही न देता.

बटाट्याचे चौकोनी तुकडे करायचे होते.
डुआर्तेनं चार बाजू छाटल्या, ढीग बादलीत.
अदेरितू बटाटा हातात फिरवत बसला,
उजेडाकडे धरून, पुन्हा फिरवून,
कुठून कापलं तर कमीत कमी जाईल.
"जनावरालाही सरळ कड नसते," म्हणाला,
आणि उरलेल्या गोलसर कापट्या
मुठीत धरून विचारलं, "ह्यांचं काय?"
सूप, मी म्हटलं.
बादलीतलं डुआर्तेनं मुकाट्यानं बाहेर काढलं.

परीक्षेला काल्दु व्हेर्द.
त्याची पानं म्हणजे कोबीचीच चुलती,
पण गड्डा न धरणारी, उंच दांड्याची, रुंद कानांची.
मधली जाड शीर काढायची,
पाच पानं एकावर एक, विडीसारखी घट्ट वळायची
आणि चिरायचं केसाएवढं बारीक.
जाड राहिलं तर सूप नव्हे, चारा.

डुआर्तेचा हात टकटक टकटक धावला.
त्याचा एक काप मी उचलून धरला:
"ही काय बुटाची नाडी?"
सगळे हसले. अदेरितू हसला नाही,
त्याला नाड्यांचे भाव पाठ होते.

त्यानं आधी पानावरून तळवा फिरवला,
कातड्यावरून फिरवावा तसा,
कुठे ताणलंय, कुठे सैल.
मग वळकटी केली. बोटं आत. नखं लपलेली.
आणि सुरी
स्वतःकडे ओढली.

माझ्या तोंडाशी आलं होतं, पुढे!
गिळलं.
पाटावर आवाजच नव्हता,
फक्त हिरवं काहीतरी साचत चाललं होतं,
इतकं हलकं की मी वाकले
तर माझ्या श्वासानं सरकलं.

उकळत्या सूपात ते दोन मिनिटांत मऊ झालं.
वर शोरीसूची एकच चकती, शेजारी मक्याचा पाव.
अदेरितूनं आपली वाटी खाल्ली नाही,
दुसऱ्यांना खाताना बघत उभा राहिला.
"दोना झुल्मीरा," म्हणाला,
"मी कापलेलं आजवर कुणी गिळलं नव्हतं."

वहीत गुण लिहिले. पकड: चूक.
काप: याच्या पुढे मी बराच वेळ पेन धरून होते.

रात्री घरी एकच पान घेतलं,
वळलं, आणि दार लावून
सुरी स्वतःकडे ओढून पाहिली.
नाड्या.
जाड, वेड्यावाकड्या, नाड्याच.
पातं धुतलं, पुसून कोरडं केलं,
आणि पान सशांना दिलं.